मेंदूच्या लहरींचे ‘असंतुलन’ आणि न्यूरोफीडबॅक : शंभर वर्षांची गोष्ट

अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या काही पालकांच्या फायलीत एक रंगीत कागद असतो. वरून पाहिलेल्या डोक्याचे पाच-सहा गोल, त्यांत लाल, पिवळे, निळे डाग आणि खाली एक ओळ : थीटा जास्त, बीटा कमी, मेंदूच्या लहरींचे असंतुलन. उपाय म्हणून न्यूरोफीडबॅकची तीस-चाळीस सत्रे सुचवलेली असतात. मग दोन प्रश्न येतात. हे असंतुलन कशामुळे झाले? आणि हा उपचार सुरक्षित आहे ना?

दुसऱ्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर आधीच देतो. न्यूरोफीडबॅकमध्ये डोक्याला लावलेली इलेक्ट्रोड्स मेंदूत वीज सोडत नाहीत, ती फक्त मेंदूतून येणारे क्षीण विद्युत संकेत टिपतात. संगणक ते मोजतो, आणि हवी ती लहर वाढली की पडद्यावरचे विमान पुढे सरकते किंवा गाणे चालू राहते. शॉक बसण्याचा प्रश्नच नाही. पण वीज जात नाही म्हणून धोका नाही, असे मात्र समजू नका. तो वेगळ्या जागी आहे, त्याकडे पुढे येऊ. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे जास्त अवघड आहे, कारण ‘मेंदूच्या लहरींचे असंतुलन’ नावाचा आजार आम्हा डॉक्टरांना शिकवलाच जात नाही. तसे निदानच नाही. मग हा शब्द आला कुठून? त्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल.

येनामधले डॉक्टर बर्गर

मेंदूत वीज असते हे १८७५ मध्येच कळले होते. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी ससे आणि माकडे यांच्या उघड्या मेंदूवरून ती मोजली होती. माणसाच्या बंद कवटीवरून ती मोजण्याचे काम केले जर्मनीतल्या येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी.

बर्गर यांना या शोधाकडे नेणारी गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. तरुणपणी लष्करी सेवेत असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफगाड्याच्या चाकाखाली येता येता वाचले. त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली : तू खुशाल आहेस ना? दूर घरी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात असल्याची अचानक खात्री वाटली होती, म्हणून ती तार. आपल्याकडे कुणाला अशी ‘आतून जाणीव’ झाली तर चार दिवस घरात चर्चा होते आणि विषय संपतो. बर्गर यांनी मात्र आयुष्य त्यापायी घातले. विचारांना काहीतरी भौतिक ऊर्जा असणार आणि ती मोजता येणार, असे त्यांच्या मनाने घेतले. आधी मेंदूचा रक्तपुरवठा मोजून पाहिला, मग तापमान, आणि शेवटी वीज.

१९२४ मध्ये, कवटीच्या हाडाचा काही भाग शस्त्रक्रियेत काढलेल्या एका तरुण रुग्णावर त्यांना पहिली नोंद मिळाली. स्वभाव इतका सावध, की पुढची पाच वर्षे त्यांनी ती छापली नाही. ही वीज खरेच मेंदूची की रक्तवाहिन्यांच्या ठोक्यांची, की टाळूच्या कातडीची, याची ते शहानिशा करत राहिले. स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरूनही त्यांनी अनेकदा नोंदी घेतल्या. पहिला निबंध आला १९२९ मध्ये. मोजायची लाट केवढी? साधारण ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा वीस हजारावा भाग. शंभर वर्षांपूर्वीच्या उपकरणांनी हे मोजणे म्हणजे जत्रेच्या गोंगाटात शेजारच्याचा श्वास ऐकण्यासारखे होते.

त्यांना दिसले ते असे. माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला सुमारे दहा लाटा येतात. डोळे उघडले की त्या मावळतात. मनात गणित करायला सांगितले तरी मावळतात. या लाटांना त्यांनी अल्फा म्हटले आणि त्यांच्या जागी येणाऱ्या बारीक, जलद लाटांना बीटा. आधी सापडली ती अल्फा, नंतरची बीटा, एवढाच त्या नावांचा अर्थ. अल्फा श्रेष्ठ आणि बाकीच्या कनिष्ठ, अशी प्रतवारी त्यांत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचा बराच गोंधळ इथूनच सुरू झाला.

सुरुवातीला कुणी विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजचे एडगर एड्रियन (ज्यांना दोन वर्षांपूर्वीच नोबेल मिळाले होते) आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी प्रयोग पुन्हा करून दाखवला. डोके एड्रियन यांचे स्वतःचे. सोबत त्यांनी एका पाणकिड्याच्या नोंदीही दाखवल्या. प्रकाश पडला की किड्याच्याही लाटा मावळायच्या, अंधार झाला की परत यायच्या. म्हणजे या लयीचा संबंध खोल विचारांशी कमी आणि ‘सध्या पाहण्यासारखे काही नाही’ या स्थितीशी जास्त, हे तेव्हाच दिसू लागले होते.

बर्गर यांना जे शोधायचे होते ते, म्हणजे मनातून मनात जाणारी ऊर्जा, कधीच सापडले नाही. कातडीवर ५० मायक्रोव्होल्ट भरणारी वीज शेजारच्या खोलीपर्यंतसुद्धा पोचत नाही. त्यांची अखेरची वर्षेही काळवंडलेली आहेत. नाझी राजवटीत सक्तीच्या नसबंदीचे निवाडे करणाऱ्या न्यायालयात ते बसले होते, हे आता कागदपत्रांवरून सिद्ध झाले आहे. १९४१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

लहर काय सांगते, काय सांगत नाही

ईईजीचा खरा उपयोग लवकरच सापडला. १९३५ मध्ये अमेरिकेत बोस्टनला गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवले की काही मुले क्षणभर ‘हरवतात’ तेव्हा ईईजीवर सेकंदाला तीन या गतीने टोकदार शिखर आणि लाट यांची जोडी उमटते. अपस्माराचा हा प्रकार त्या चित्रावरून ओळखता येऊ लागला. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या ग्रे वॉल्टर यांनी मेंदूतल्या गाठीभोवती संथ लाटा येतात हे दाखवले. जाग्या प्रौढ माणसात तशा लाटा एकाच जागी सतत दिसल्या तर आम्ही आजही सावध होतो.

पण यातून एक चूक सहज होते. गाठ असेल तर संथ लाटा येतात हे खरे. संथ लाटा आहेत म्हणून मेंदू बिघडला, हे खरे नाही. झोप आली की लाटा संथ होतातच. लहान मुलात थीटा, म्हणजे सेकंदाला चार ते आठ लाटा, भरपूर असतातच, वय वाढते तशा त्या ओसरतात. उतारवयात अल्फा थोडी मंदावते. झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्यांनी, विशेषतः डायझेपामच्या कुळातल्या, बीटा वाढते. साखर फार उतरली, यकृत किंवा मूत्रपिंड निकामी झाले, सोडियम घसरले, थायरॉइड अगदी मंदावले, मेंदूला सूज आली, डोक्याला जबर मार लागला की लाटा संथ होतात. रात्रीचे जागरण, दारू, ताप यांनीही चित्र बदलते. आणि काही पूर्णपणे निरोगी माणसांत अल्फा जवळजवळ दिसतच नाही.

तर ‘असंतुलनाचे कारण काय’ या प्रश्नाचे माझे उत्तर असे : लहर ही अंगातल्या तापासारखी आहे. ताप कशाने आला ते थर्मामीटर सांगत नाही. आणि ताप निदान एका आकड्यात मोजता येतो, इथे तर तेवढीही सोय नाही.

शिवाय कातडीवरून मोजलेले सगळे मेंदूतले नसते. पापणी लवली की कपाळावरच्या इलेक्ट्रोडला मोठी संथ लाट मिळते. दात आवळले की बीटा वाढल्यासारखी दिसते. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड येथील संशोधकांनी स्वयंसेवकांना पूर्ण शुद्धीत ठेवून, स्नायू तात्पुरते लुळे करणारे औषध देऊन ईईजी काढला. (असले स्वयंसेवक कुठून मिळतात हे एक कोडेच आहे.) सेकंदाला २० पेक्षा जलद लाटांपैकी बराचसा भाग नाहीसा झाला. तो डोक्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंचा होता. त्याआधी, १९७० च्या दशकात, कॅनडातले मेंदूतज्ज्ञ एड्रियन अप्टन यांनी तर लिंबाच्या स्वादाच्या जेलीला इलेक्ट्रोड लावले होते. आसपासची यंत्रे आणि माणसांची हालचाल यांमुळे जेलीचाही ‘ईईजी’ उमटला. मेंदूमृत्यू ठरवताना यंत्रावर आंधळा विश्वास नको, हे त्यांना दाखवायचे होते.

घंटी वाजली की बक्षीस

न्यूरोफीडबॅकचा जन्म १९५८ च्या सुमारास शिकागोत झाला. मानसशास्त्रज्ञ जो कामिया यांनी एका तरुणाला डोळे मिटून बसवले. मधूनमधून आवाज करायचा आणि ‘आत्ता तू अल्फात होतास की नाही?’ असे विचारायचे. उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगायचे. सुरुवातीला उत्तरे अंदाजपंचे होती, पण काही दिवसांत तो तरुण जवळजवळ दर वेळी बरोबर सांगू लागला. पुढे कामिया यांनी अल्फा आली की सूर वाजेल अशी व्यवस्था केली आणि लोक ती ‘आणू’ लागले.

याच सुमारास आपल्याकडेही मोजणी चालू होती. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामची स्थापना केली ते साल १९२४, म्हणजे बर्गर यांच्या पहिल्या नोंदीचेच. योगाभ्यास प्रयोगशाळेत तपासायचा हा तिथला आग्रह, आणि त्यापायी परदेशी शास्त्रज्ञ तिथे यंत्रे घेऊन येत. १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधील बी. के. आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी ध्यानस्थ योग्यांचे ईईजी प्रसिद्ध केले. ध्यानात अल्फा टिकून राहत होती. दोन योगी ४ अंशांच्या गार पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात बुडवून बसले तरी ती मोडली नाही. पाठोपाठ जपानमधून झेन भिक्षूंच्या अशाच नोंदी आल्या.

अमेरिकेत याचा अर्थ फार सोपा करून घेतला गेला. योग्यांत अल्फा दिसते, यंत्र अल्फा वाढवते, म्हणजे यंत्राने समाधी मिळते! १९६८ मध्ये कामिया यांचा लेख एका लोकप्रिय मासिकात आला आणि अल्फाचे वेडच लागले. घरगुती यंत्रे विकली जाऊ लागली. दास आणि गास्तो यांनी १९५० च्या दशकातच काही योग्यांत खोल ध्यानात अल्फाऐवजी जलद लाटा नोंदवल्या होत्या, पण ते कुणाला आठवले नाही.

मग १९७३ मध्ये पास्केविट्झ आणि मार्टिन ऑर्न यांनी एक साधा प्रयोग केला. मंद उजेडात प्रशिक्षण दिले तर अल्फा वाढते. पूर्ण काळोखात तेच प्रशिक्षण दिले तर ती मुळात असते त्यापेक्षा वाढत नाही. याचा अर्थ लोक उजेडात ‘न पाहायला’ शिकत होते. एड्रियन यांचा पाणकिडा आठवला ना? आणि जी शांती, जो आनंद लोक सांगत, तो बराचसा त्यांच्या अपेक्षेतून येत होता, हेही पुढच्या प्रयोगांत दिसले.

इथेच हा विषय संपला असता. तो वाचवला मांजरांनी. कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन मांजरांना सेकंदाला १२ ते १५ लाटांची एक विशिष्ट लय आणली की दूध देत. मांजर निश्चल पण सावध बसते तेव्हा ही लय येते. नंतर अमेरिकी हवाई दलासाठी रॉकेटच्या इंधनातील एका विषारी रसायनाची चाचणी करताना त्यांनी यांतलीही काही मांजरे वापरली. त्या रसायनाने आकडी येते. शिकवलेल्या मांजरांना ती उशिरा आली, काहींना आलीच नाही. मांजराला अपेक्षा नसते, श्रद्धा नसते, म्हणून मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत भक्कम प्रयोग वाटतो. १९७२ मध्ये अपस्मार असलेल्या एका तरुणीवर हे प्रशिक्षण वापरले गेले आणि तिच्या आकड्या कमी झाल्या. २००९ मध्ये अशा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले : औषधांनी न थांबणारा अपस्मार असलेले एकूण ८७ रुग्ण, त्यांपैकी ६४ जणांच्या आकड्या कमी झाल्या. चांगली गोष्ट. पण जवळजवळ चार दशकांनंतरही आकडा ८७ वरच अडावा, आणि बहुतेक अभ्यासांत तुलनेसाठी धड दुसरा गटही नसावा, हेही लक्षात घ्या.

चंचल मुले आणि थीटा-बीटा

तुमच्या हातातला रंगीत कागद मात्र मांजरांकडून आलेला नाही, तो जोएल लुबार यांच्या कामातून आला आहे. १९७६ पासून टेनेसी विद्यापीठात त्यांनी अतिचंचल मुलांवर प्रशिक्षण सुरू केले. पुढे थीटा आणि बीटा यांचे गुणोत्तर एडीएचडीची खूण म्हणून पुढे आले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्यावर आधारलेल्या एका यंत्राला, डॉक्टरांच्या तपासणीला पूरक म्हणून, परवानगी दिली. तोवर नवीन अभ्यासांत निरोगी मुलांचे गुणोत्तरही वाढलेले दिसू लागले होते आणि फरक पुसट होत चालला होता. २०१६ मध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने स्पष्ट सांगितले की संशोधनाबाहेर एडीएचडीचे निदान पक्के करण्यासाठी हे गुणोत्तर वापरू नये.

रंगीत नकाशाबद्दल एक हिशेब करून पाहा. नेहमीची मांडणी १९ इलेक्ट्रोडची. प्रत्येकाचे पाच लहरपट्टे धरले तर ९५ आकडे. ‘शंभरातल्या पाच निरोगी माणसांतच एवढा फरक दिसतो’ अशी मर्यादा घालून लाल रंग द्यायचा ठरवले, तर ठणठणीत माणसाच्या नकाशावरही सरासरी चार-पाच लाल खुणा येतील. नकाशा खोटा नसतो, आपण त्याला नको ते विचारतो.

आणि उपचार? खरा कस लागतो तो बनावट उपचाराशी तुलना केल्यावर. तेच इलेक्ट्रोड, तोच खेळ, पण काही मुलांना मिळणारा सिग्नल त्यांच्या मेंदूचा नसतो, आणि कुणाला काय मिळते हे मूल, पालक, प्रशिक्षक कुणालाच ठाऊक नसते. अशी एक मोठी चाचणी अमेरिकेत झाली. सात ते दहा वर्षांची १४० हून अधिक मुले, प्रत्येकी ३८ सत्रे, थीटा-बीटा पद्धत. खऱ्या गटातली मुले सुधारली. बनावट गटातलीही तितकीच सुधारली. १३ महिन्यांनंतरही दोन्ही गटांच्या लक्ष देण्यात फरक दिसला नाही, खऱ्या गटाला औषध मात्र काहीसे कमी लागत होते. २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ३८ चाचण्यांच्या विश्लेषणाचा निष्कर्षही असाच आहे : ज्यांना उपचार ठाऊक नव्हता त्यांच्या मूल्यमापनात एकंदर गटाला म्हणण्यासारखा लाभ नाही. निद्रानाशाच्या रुग्णांवर ऑस्ट्रियात झालेल्या अभ्यासातही (२०१७) खरे आणि बनावट प्रशिक्षण सारखेच ठरले.

मुले सुधारली ती कशाने? आठवड्यातून तीनदा शांत बसणे, एका मोठ्या माणसाचे पूर्ण लक्ष, चुकले तरी न रागावणे, आई किंवा बाबा सोबत येणे. याला मी क्षुल्लक समजत नाही. पण त्यासाठी डोक्याला जेल लावावी लागत नाही.

मग धोका कुठे?

किरकोळ त्रास आधी. सत्रानंतर डोके दुखणे, थकवा, चिडचिड, झोप बिघडणे काहींना होते, बहुधा दोन-चार दिवसांत ओसरते. जेलने कातडी लाल होते. इलेक्ट्रोड नीट स्वच्छ केलेले आहेत ना, हे विचारायला संकोचू नका. आणि आपल्याला सुचवलेले यंत्र फक्त टिपणारे आहे की डोक्यात करंट सोडणारे, हे नक्की विचारा. दोन्ही एकाच दुकानात, सारख्याच शब्दांत विकली जातात. करंट सोडणाऱ्या यंत्राचे नियम वेगळे आणि धोकेही वेगळे.

जुन्या प्रयोगांत एक अस्वस्थ करणारी नोंद आहे. लुबार यांनी काही रुग्णांत प्रशिक्षण मुद्दाम उलट करून पाहिले, म्हणजे नको त्या लहरीला बक्षीस. तेव्हा चंचलपणा परत आला, अपस्माराच्या काही रुग्णांत आकड्या वाढल्या. हे प्रयोग अगदी लहान होते, पण त्यांच्यावर जो विश्वास ठेवतो त्याने दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे : जे यंत्र लहर बदलू शकते ते चुकीच्या दिशेनेही बदलू शकते. कुणीही चार दिवसांचा कोर्स करून अपस्माराच्या रुग्णावर ते वापरणे म्हणूनच मला मान्य नाही.

पण सर्वांत मोठे नुकसान यंत्राच्या बाहेर होते. ‘लहरी संतुलित झाल्या, आता गोळी नको’ असे कुणी सांगितले आणि अपस्माराची गोळी एकदम बंद केली, तर एकामागून एक न थांबणाऱ्या आकड्या येऊ शकतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम यांच्या बाबतीत तर फारच जपावे लागते. गोळी कमी करायची असेल तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. नैराश्याच्या औषधांनाही हेच लागू आहे. मुलांच्या बाबतीत नुकसान वेळेचे होते. वाचनाची अडचण, कमी ऐकू येणे, झोपेत घोरणे, रक्तक्षय, शाळेतली भीती, या सगळ्यांनी मूल अभ्यासात ‘लक्ष देत नाही’ असे दिसते. नकाशात यांपैकी एकही लिहिलेले नसते आणि चाळीस सत्रांत शाळेचे अर्धे वर्ष निघून जाते.

तेव्हा बाईंची तक्रार ‘वर्गात मध्येच हरवतो’ अशी असेल, तर नकाशाआधी हे पाहा : बोलता बोलता, जेवता जेवता तो पाच-दहा सेकंद थिजतो का? हाक मारली, हात लावला तरी भानावर येत नाही का? पापण्या फडफडतात का? आणि मग काहीच झाले नाही अशा थाटात तो पुढचा घास घेतो का? असे दिवसातून अनेकदा होत असेल, तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ते साधा ईईजी करायला सांगतील. त्यात मुलाला सुमारे तीन मिनिटे खोल, जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, आणि हा आजार असेल तर बहुतेक वेळा तिथेच १९३५ सालचे ते सेकंदाला तीनचे चित्र उमटते. त्यावर इथोसक्झिमाइड, व्हॅल्प्रोएट ही औषधे आहेत आणि बहुतेक मुलांचे हे ‘हरवणे’ त्यांनी थांबते. मुलगी असेल तर व्हॅल्प्रोएटबद्दल डॉक्टरांशी आधी सविस्तर बोलून घ्या, पुढे गर्भारपणात त्याचा बाळाला धोका असतो.